बोर्ड्स ऑफ कॅनडाचा 'टुमॉरोज हार्वेस्ट': नावाजला गेला, पण नीट ऐकला गेला का?

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

इथे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणारे थोडे असले तरी कानाने पक्के आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

बोर्ड्स ऑफ कॅनडा म्हणजे स्कॉटलंडचे मायकल सँडिसन आणि मार्कस ओएन हे दोघे भाऊ. १९९८ मध्ये 'म्युझिक हॅज द राइट टू चिल्ड्रन' आला आणि पुढच्या कित्येक संगीतकारांनी त्यातला बालपणीच्या आठवणींसारखा आवाज उचलला. २००२ चा 'जिओगॅडी' काळोखा. २००५ च्या 'द कॅम्पफायर हेडफेज'मध्ये गिटार आली. २००६ मध्ये 'ट्रान्स कॅनडा हायवे' ही छोटी रेकॉर्ड, आणि मग सात वर्षं नवी रेकॉर्ड नाही. जून २०१३ मध्ये 'टुमॉरोज हार्वेस्ट' आला. ब्रिटनच्या यादीत तो सातव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत बिलबोर्ड २०० वर तेराव्या. अशा अँबियंट, म्हणजे वातावरण उभं करणाऱ्या संथ संगीताला हे फार झालं. समीक्षाही बहुतेक चांगल्या आल्या.

तरीही जुन्या श्रोत्यांशी बोलताना या अल्बमचा विषय निघाला की वाक्य 'चांगला आहे, पण...' असंच सुरू होतं. पुढे तीन तक्रारी येतात. एक, थंड आहे. दोन, बरेच तुकडे सुरू होतात तोवर संपतात. तीन, नवीन काही नाही.

माझं मत असं की या तिन्ही तक्रारी एकाच अपेक्षेतून येतात. लोकांना पुन्हा १९९८ चं बालपण हवं होतं. दोघा भावांनी दिलं काय, तर न काढलेल्या एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत, आणि तेही मागे न बघता पुढे काय येणार आहे याच्या भीतीचं. १७ तुकडे, तासाभराचा ऐवज. सुटा तुकडा उचलून ऐकला तर हाती काही लागत नाही. सलग ऐकला तर मला तो त्यांचा सगळ्यात नीट बांधलेला अल्बम वाटतो.

तुम्हाला पहिल्यांदा कसा वाटला आणि आता कसा वाटतो? कारणांसकट लिहा.

टेपडेक

विषय काढल्याबद्दल आभार. माझ्या मते अर्धा दोष त्या जाहिरात मोहिमेचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २० एप्रिल २०१३, म्हणजे रेकॉर्ड स्टोअर डे, रेकॉर्डच्या दुकानांचा वार्षिक दिवस. न्यूयॉर्कच्या 'अदर म्युझिक' या दुकानात कोणाला तरी बोर्ड्स ऑफ कॅनडाच्या नावाची एक रेकॉर्ड मिळाली. तीवर काही सेकंदांचं संगीत आणि सहा आकडे वाचणारा यांत्रिक आवाज. त्यानंतर आणखी आकडे निघत गेले, कधी रेडिओवर, कधी टीव्हीवर. एकूण सहा संच, प्रत्येकात सहा आकडे. सगळे बरोबर क्रमाने लावले की एक संकेतस्थळ उघडायचं आणि अल्बमची घोषणा दिसायची.

त्या दिवसांत आम्ही सगळे आकडेमोडीत बुडालो होतो. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण अल्बम हातात आला तेव्हा कान संगीताऐवजी पुढचा संकेत शोधत होते. 'टेलिपाथ'मध्ये माणूस आकडे मोजतो, तर लगेच वही काढणारे लोक मी पाहिलेत.

निशाचर

रात्री लावला आणि 'जॅकार्ड कॉजवे'पर्यंत झोपलो. ही तक्रार नाही, शिफारस आहे. :)

अवंती_के

टेपडेक, अजिबात सहमत नाही. ती मोहीम अल्बमच्या आतलीच होती. आकडे वाचणारा अनोळखी आवाज, तुटक प्रक्षेपण, कुठून येतंय हे न कळणं, हे सगळं पुढे रेकॉर्डमध्येही आहेच की. 'ट्रान्समिसिओनेस फेरॉक्स' ऐका.

आणि मे महिन्याच्या शेवटी त्यांनी अल्बम पहिल्यांदा वाजवला कुठे, तर कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात, लेक डोलोरेसच्या बंद पडलेल्या वॉटरपार्कमध्ये. कोरड्या घसरगुंड्या, रंग उडालेल्या कमानी. दुष्काळावरचा अल्बम दुष्काळात. याहून चांगली जागा कोणती होती? ज्यांना वाळवंटात जाता आलं नाही त्यांच्यासाठी पुढच्या आठवड्यात तो यूट्यूबवर होता, तेव्हा मूठभरांचा सोहळा म्हणून नाकं मुरडायचंही कारण नाही.

संकेत शोधणाऱ्यांमुळेच तर 'पॅलेस पोझी'ची रोमन अक्षरं हलवली की 'अपॉकॅलिप्स' होतं हे आपल्याला कळलं. अशा शोधाने संगीताचं काय नुकसान झालं?

सातारी_कंदी

मी 'चांगला आहे, पण' म्हणणाऱ्यांतला. 'पण' मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

धागाकर्त्यांचा युक्तिवाद असा की अपेक्षा चुकीची होती. हे मला पटत नाही. 'जिओगॅडी' आला तेव्हाही लोकांना बालपणच हवं होतं आणि मिळालं काहीतरी भलतंच, तरी त्याने माणसाला ओढून घेतलं. 'कॅम्पफायर हेडफेज'चं तेच. 'डेव्हन काऊबॉय'मध्ये गिटार सुरुवातीला नुसती घोंघावते आणि मध्यावर ताल येतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्याच्या चित्रफितीत अमेरिकी हवाईदलाच्या जोसेफ किटिंगरची १९६० ची पॅराशूट उडी आहे, तब्बल १,०२,८०० फुटांवरून. त्या उडीला शोभेल असं संगीत आहे ते.

'टुमॉरोज हार्वेस्ट'मध्ये अशी उडी कुठे आहे? 'सिक टाइम्स', 'स्प्लिट युवर इन्फिनिटीज', 'पॅलेस पोझी' यांत एक सुरावट येते, तिच्याखाली ताल येतो, दोन्ही थोडे फिरतात आणि संपतात. नादाची कारागिरी उत्तम, वाद नाही. पण कारागिरी म्हणजे रचना नव्हे. पार्श्वसंगीत म्हणून बांधलंय म्हणता, तर मग ज्याच्या पार्श्वभूमीला ते वाजायचं ते चित्र कुठे आहे? ते मीच डोक्यात काढायचं असेल तर अर्धं काम माझ्यावर टाकल्यासारखं झालं.

अवंती_के

>> अर्धं काम माझ्यावर टाकल्यासारखं

मला तर हेच आवडतं हो त्यात.

विसंगत_नाद

एक मूलभूत शंका. याला अँबियंट का म्हणायचं? ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराने १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'सोबत जी व्याख्या लिहिली तीत मुख्य मुद्दा असा, की हे संगीत जितकं रंजक तितकंच दुर्लक्ष करण्याजोगं असावं. 'रीच फॉर द डेड' लावून कोणी भाजी निवडून दाखवावी. शेवटाकडे ताल दाटत जातो तसा हात थांबतो. हे पार्श्वभूमीला राहणारं संगीत नाही.

मंद्रसप्तक

विसंगत_नाद, मुद्दा बरोबर आहे. निखळ अँबियंट तुकडे या अल्बममध्ये मोजकेच, ते म्हणजे छोटे जोडतुकडे आणि शेवटचा 'सेमेना मर्त्विख'. बाकी तालावर उभं आहे. तरी दुकानात आणि यादीत हे दोघे त्याच कप्प्यात सापडतात, म्हणून मी तो शब्द टाळण्याचा हट्ट धरत नाही.

सातारी_कंदी, तुमचा प्रतिसाद या धाग्यावरचा सर्वात महत्त्वाचा. उत्तर देतो, पण आधी अल्बम पुन्हा सलग ऐकून मगच.

थिसलचं_फूल

एडिंबराहून लिहितेय. बोर्ड्स ऑफ कॅनडाचा स्टुडिओ पेंटलंड टेकड्यांच्या बाजूला. त्या टेकड्या आमच्या शहराच्या दक्षिणेला लागूनच आहेत. रविवारी लोक कुत्री घेऊन चढतात. फार उंच नाहीत, झाडीही विरळ. गवत, हेदरची झुडपं, मेंढ्या आणि वारा. समुद्रावरून धुकं आलं की समोरचा माणूस दिसत नाही. मला त्यांच्या संगीतातली ओसाडी कधीच परकी वाटली नाही, खिडकीतून दिसते ती. मुखपृष्ठावर मात्र सॅन फ्रान्सिस्को आहे, समोरच्या अलामेडाच्या जुन्या नौदल विमानतळावरून दिसणारं. इमारतींच्या आरपार ऊन जातंय असं वाटतं.

अवांतर, पण जवळचं: त्यांनी नाव घेतलं ते नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडावरून. लहानपणी हे कुटुंब काही काळ कॅनडात होतं आणि त्या संस्थेचे माहितीपट त्यांनी पाहिले होते. ही संस्था १९३९ मध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला प्रमुख जॉन ग्रिअरसन हा स्कॉटिश. पुढे तिथेच फिल्मच्या पट्टीवर थेट आवाज रेखाटणारा नॉर्मन मॅकलॅरन, तोही स्टर्लिंगचा. म्हणजे स्कॉटलंडमधून निघालेली गोष्ट कॅनडाला वळसा घालून परत इथेच आली.

रिळ_नंबर_चार

थिसलताई, वा! या वळशाचं एक टोक आपल्याकडेही येतं. त्याच फिल्म बोर्डातले जेम्स बेव्हरिज १९५० च्या दशकात बर्मा शेल या तेल कंपनीच्या चित्रपट विभागासाठी भारतात होते आणि पुढे दिल्लीच्या जामियातलं जनसंचार केंद्र उभारण्यात त्यांचा वाटा होता. आणि मुंबईत १९४८ मध्ये सुरू झालेलं आपलं फिल्म्स डिव्हिजन. चित्रपटाआधी त्यांची रिळं बघितलेल्या पिढीला 'जेमिनी' या पहिल्या तुकड्याची ती सुरुवातीची तुतारीसारखी धून ऐकून काय होतं हे वेगळं सांगायला नको. सरकारी माहितीपट सुरू होतोय आणि तो आपल्याला काहीतरी गंभीर सांगणार आहे, अशी तयारी मनात आपोआप होते. इथे मात्र निवेदक बोलतच नाही.

सातारी_कंदी विचारतात चित्र कुठे आहे. माझ्यासाठी ते या धुनेतच आलं.

कोळी_निरीक्षक

संगीतातलं फार कळत नाही, पण तिसऱ्या तुकड्याचं नाव 'व्हाइट सायक्लोसा' वाचून राहवलं नाही. सायक्लोसा ही कोळ्यांची प्रजाती. आपल्याकडे बागेत, सह्याद्रीत सहज दिसते. हा कोळी जाळ्याच्या मधोमध खाल्लेल्या किड्यांचे अवशेष आणि कचरा एका रेषेत बांधतो आणि स्वतः त्याच रेषेत पाय आखडून बसतो. पक्ष्याला तो कचराच वाटतो.

आता तुकडा ऐकला. नाव विचार करून ठेवलंय बघा.

मंद्रसप्तक

कोळी_निरीक्षक, दंडवत! आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात हे आलं नव्हतं. कचऱ्यात कचरा होऊन जिवंत राहायचं, हाच तर अल्बमचा विषय.

टेपडेक

'थंड' या तक्रारीचं तांत्रिक कारण सांगता येईल असं वाटतं.

सुरुवातीच्या अल्बममधली ऊब येते कुठून? सूर स्थिर नसतो. टेपचा वेग पूर्ण एकसारखा कधीच नसतो. रोलर किंचित वाकडा असला, पट्टा सैल झाला, टेप ताणली गेली, की सूर सावकाश वरखाली होतो. आपल्याकडे सेल उतरले की टेपरेकॉर्डर 'रडायला' लागायचा, त्याचं हे सौम्य रूप. हे दोघे मुद्दाम टेपवरून आवाज नेतात, सिंथेसायझरचा सूरही हलका डळमळता ठेवतात. कानाला हे जुनं, वापरलेलं, कोणाच्या तरी घरातलं वाटतं.

'टुमॉरोज हार्वेस्ट'मध्ये डळमळ आहे, पण कमी. सिंथेसायझरच्या रेषा सरळ आणि धारदार, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या भयपटांसारख्या. समीक्षकांनी भयपटांचा दिग्दर्शक-संगीतकार जॉन कार्पेंटरचं नाव घेतलं ते यासाठीच. मुलांचे आवाजही जवळजवळ नाहीसे झालेत. ऊब काढून घेतली ती जाणूनबुजून. हे आवडावं की नाही हा पुढचा प्रश्न, पण ऊब चुकून राहून गेली असं समजू नये.

खर्जातला_सा

मी मूळचा ख्याल ऐकणारा. मुलाने हा अल्बम लावून दिला. मला तो कंटाळवाणा वाटला नाही, कारण सावकाश उलगडणारं ऐकायची सवय आहे. विलंबितात पहिली काही आवर्तनं गायक नुसता षड्जाभोवती फिरतो तेव्हा आपण 'हा काही करत का नाही' असं विचारत नाही. तुमच्यातल्या तरुण मंडळींना घाई फार.

विसंगत_नाद

काका, आदर ठेवून असहमत. विलंबितात गायक क्षणोक्षणी निर्णय घेत असतो आणि ते आपल्याला ऐकू येतात. पुढचा स्वर कधी येणार, आज येणार की नाही, यात सगळी गंमत. इथे निर्णय आधीच झालेत आणि यंत्र ते वाजवतंय. दोन्हीकडे संयम लागतो हे खरं, पण जात वेगळी.

खर्जातला_सा

बरोबर बोललात. वाढ नाही, वावर आहे, असं म्हणू या का? या संगीतात स्वर वाढत नाहीत, आपण त्यांच्यात वावरतो. मला तरी तसं झालं.

निशाचर

काकांच्या मुलाला माझा नमस्कार सांगा. माझ्या वडिलांना मी हेडफोनही घालायला लावू शकलो नाही.

रिळ_नंबर_चार

नीट न ऐकल्या गेलेल्या संगीताचा विषय निघालाच आहे तर चरणजित सिंग यांचं नाव यायलाच हवं. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून आयुष्य गेलं. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगभरातले लोक थक्क झाले की शिकागोच्या ॲसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या आधी हा आवाज मुंबईत निघाला होता. २०१५ मध्ये ते गेले, पण त्याआधी परदेशात मंचावर वाजवून दाद घेऊन गेले, याचं फार समाधान वाटतं.

अवंती_के

रिळभाऊ, त्यांच्यावर वेगळा धागा काढाच. आणि त्यात अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेचा १९६९ चा इलेक्ट्रॉनिक स्टुडिओही घ्या. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरने तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला होता, आणि तिथल्या टेप २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून निघाल्या. इथे धागा भरकटण्याआधी मूळ विषयावर येऊ.

मंद्रसप्तक

सलग ऐकला, दिवे घालवून. सातारी_कंदी, आता उत्तर.

तुम्ही उडी शोधताय. इथे उडी नाही कारण मधोमध पडझड आहे. नववा तुकडा, 'कोलॅप्स'. १७ मधला नववा, म्हणजे अलीकडे आठ, पलीकडे आठ. अल्बम या तुकड्याभोवती उलटसुलट सारखा बांधलाय असं खुद्द त्या दोघांनीच तेव्हा मुलाखतीत सांगितलं होतं. हे कळल्यावर मी दोन्ही टोकांकडून ऐकत गेलो. पहिल्या 'जेमिनी'ला शेवटचा 'सेमेना मर्त्विख', दुसऱ्या 'रीच फॉर द डेड'ला सोळावा 'कम टू डस्ट'. ही दुसरी जोडी माझ्या कानाला अगदी स्पष्ट लागते. तशीच पायरीपायरीने चढणारी सुरावट, पण 'रीच फॉर द डेड'मध्ये काहीतरी जवळ येतंय, 'कम टू डस्ट'मध्ये ते घडून गेलंय.

म्हणून 'सिक टाइम्स' वेगळा काढून तो कुठे पोहोचतो असं विचारलं तर उत्तर नाही. तो पडझडीच्या तोंडावर उभा आहे. 'पॅलेस पोझी' पडझडीनंतरचा पहिला, आणि त्याचा ताल जवळजवळ खेळकर आहे. तो खेळकरपणा मला पहिल्यांदा विचित्र वाटला होता. जागा लक्षात घेतली की तोच अल्बममधला सर्वात अस्वस्थ करणारा भाग ठरतो. सगळं कोसळलंय आणि कोणीतरी नाचतंय.

अर्धं काम श्रोत्यावर टाकलंय हे मान्य. पण बांधणी त्यांनी पूर्ण केली आहे.

थिसलचं_फूल

आणि 'न्यू सीड्स' विसरू नका. पंधरावा. त्याच्या शेवटच्या भागात सूर उजळतात. माझ्या मते अल्बममधला एकमेव आशेचा तुकडा, आणि त्याला शेवटी न ठेवता शेवटून तिसरा ठेवलाय. आशा दाखवून पुढे निघून जातात. इथला उन्हाळा असाच असतो.

नवखी_श्रोती

मी या दोघांचं काहीच ऐकलेलं नाही. धागा वाचून उत्सुकता वाटतेय. सुरुवात याच अल्बमने करू की १९९८ च्या? आणि मोबाइलच्या स्पीकरवर चालेल का?

टेपडेक

मोबाइलच्या स्पीकरवर नको. यातलं निम्मं संगीत खालच्या पट्टीत आहे, ते तिथे ऐकूच येणार नाही. साधे वायरचे हेडफोन पुरतील, महागड्याची गरज नाही. आणि तुकड्यांचा क्रम बदलणारं बटण बंद ठेवा, या अल्बमला ते विष आहे.

अवंती_के

मी तर म्हणेन थेट 'टुमॉरोज हार्वेस्ट'च. तुमच्याकडे १९९८ ची अपेक्षा नाही, हे भाग्य आम्हा कोणालाच मिळालं नाही. ऐकून झालं की इथे लिहाच. धागाकर्त्यांचं म्हणणं खरं की सातारी_कंदींचं, हे तुमच्यासारख्या कोऱ्या कानालाच सांगता येईल.

सातारी_कंदी

मंद्रसप्तक, उत्तर मनापासून आवडलं. 'कम टू डस्ट'ची जोडी मी मुद्दाम तपासली, ती आहे. मत मात्र तेच. बांधणी समजावून सांगितल्यावर दिसते, आणि मला संगीत असं हवं की समजावण्याआधी पकडेल. 'जिओगॅडी'ने मला न विचारता पकडलं होतं.

'जॅकार्ड कॉजवे' मात्र यातून वगळतो. त्यात ताल आणि सुरावट एकमेकांशी जुळता जुळत नाहीत, सम कुठे आहे ते शोधता शोधता साडेसहा मिनिटं जातात, आणि जॅकार्ड हे मागाचं नाव, भोकं पाडलेल्या पट्ट्यांवर नक्षी विणणाऱ्या. दोन वेगळ्या लांबीचे धागे फिरत राहावेत तसं ते ऐकू येतं. ह्याला मी बिनशर्त दाद देतो. संपूर्ण अल्बम या तोडीचा असता तर आपण इथे भांडत नसतो.

नवखी_श्रोती, तुम्ही १९९८ पासून सुरू करा. अवंतीताईंचं ऐकू नका. :)

नवखी_श्रोती

दोघांचंही ऐकते. शनिवारी १९९८ चा, रविवारी २०१३ चा. सोमवारी इथे लिहीन.